धर्मसुधारणा, इंग्रजी व्याकरण आणि निबंध: मुलांनी आधी मराठीत लिहावे का?

कुळागर (फोंडा):

मुलगी नववीत आहे. या सत्रात तिच्या शाळेत तीन गोष्टी एकदम आल्या. इतिहासात युरोपातली धर्मसुधारणा (सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चविरुद्ध ल्यूथरने उभी केलेली चळवळ), इंग्रजीच्या तासाला व्याकरणाचे जाडजूड वर्कबुक, आणि 'अकॅडेमिक रायटिंग' नावाचा एक नवाच तास. गेल्या आठवड्यात तिन्हींचा मिळून एक प्रोजेक्ट होता: 'मार्टिन ल्यूथरला यश का मिळाले?' सहाशे शब्द, इंग्रजीत. पहिल्या परिच्छेदात मुख्य विधान, मग पुरावे, शेवटी संदर्भ.

रात्री अकरापर्यंत बसून तिने लिहिले. मी वाचले तर एकही चूक नाही, आणि तिथेच मला शंका आली. "यात 'इंडल्जन्स' लिहिलेयस, ते काय गं?" असे विचारले. ती गप्प. मग रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, तीन ठिकाणची वाक्यं जोडलीत. माझं इंग्रजी घातलं तर चुका होतात, आणि प्रत्येक चुकीला अर्धा मार्क जातो."

मला तिचा राग आला नाही. चूक केली की मार्क जातो आणि उतरवून काढले की मिळतो, हा हिशेब चौदा वर्षांची पोर बरोबरच करणार.

मग म्हटले, वही मिट आणि मला मराठीत सांग. ती म्हणाली, "पापाची शिक्षा कमी होईल असं सांगून चर्चवाले पैसे घेऊन कागद द्यायचे. ल्यूथर म्हणाला हे चूक आहे. त्याच्या आधीपण लोक म्हणाले होते, पण तेव्हा छापखाना नव्हता." मी विचारले, आधी कोण म्हणाले होते? ते तिला सांगता येईना. आम्ही दोघांनी मिळून शोधले. बोहेमियाचा यान हुस, चर्चवर टीका केली म्हणून 1415 मध्ये जिवंत जाळलेला. छापखाना आला त्यानंतर तीसपस्तीस वर्षांनी. ल्यूथरचे 95 मुद्दे 1517 चे, म्हणजे छापखाना युरोपभर पसरल्यानंतरचे. तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे माझं बरोबर होतं!" तिच्याकडे विधान होते, तुलना होती, पुरावाही हाताशी आला. नव्हते ते फक्त इंग्रजी.

म्हणून माझे मत स्पष्ट लिहितो. मुद्दा मांडणे, त्याला आधार देणे आणि दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याच्या नावावर ठेवणे हे मुलांनी आधी घरच्या भाषेत करावे. इंग्रजी व्याकरण आपल्या व्याकरणाशेजारी ठेवून शिकवावे. आणि धर्मसुधारणा गोव्यातून शिकवावी.

गोव्यातून म्हणजे कशी, तेही सांगतो. एलिझाबेथ राणीच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणे कठीण झाले, तेव्हा थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण रोमला गेला, 1575 मध्ये जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका धर्मप्रसारक संघाचा सदस्य, झाला आणि 1579 मध्ये गोव्यात उतरला. पुढची चाळीसेक वर्षे, 1619 मध्ये मरेपर्यंत, तो इथेच राहिला, बहुतेक दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात. त्याने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते 1616 मध्ये सासष्टीतल्याच राचोलला छापले गेले. त्याने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मागे, 1640 मध्ये छापले. भारतीय भाषेचे छापलेले हे पहिले व्याकरण. धर्मसुधारणेच्या धक्क्याने देश सुटलेला इंग्रज आपल्या भाषेचे व्याकरण लिहितो आणि आपल्या छंदात पुराण रचतो. इतिहास, व्याकरण आणि लेखन हे तिन्ही विषय राचोलच्या टेकडीवर एकत्र आलेले आहेत, आणि आमची मुले ल्यूथरच्या विटेनबर्ग गावाचे स्पेलिंग पाठ करतात.

पाटो:

कुळागर, तुमची तळमळ पोचली. तरी मी विरोधातच लिहिणार आहे. पणजीत कॉलेजला वीस वर्षे इंग्रजी शिकवते आहे.

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारी मुले दर वर्षी माझ्यासमोर येतात. वाक्य सुरू होते, तीन ओळी चालते आणि क्रियापद येतच नाही, कारण मराठीत ते शेवटी येते आणि शेवटापर्यंत पोचण्याआधीच मूल दमते. दोन भाषांत लिहिण्याचे दुप्पट काम तुमची मुलगी घरी करू शकेल, बाबा शेजारी बसलेले असताना. तीन तासांच्या पेपरात कशी करणार? इंग्रजी लिहून लिहूनच येते. पोहणे शिकायला पाण्यातच उतरावे लागते.

दुसरे म्हणजे, 'घरची भाषा' म्हणता ती कुठली? माझ्या वर्गात कोंकणी घरातली मुले आहेत, मराठी आहेत, वास्कोची कन्नड आहेत, हिंदी आहेत. काहींच्या घरी आई एक बोलते आणि बाप दुसरी. 1990 मध्ये प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी कोंकणी-मराठीची अट आली, 2011 मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचे ठरले, आणि त्यावरून केवढे आंदोलन झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. त्या भांडणात प्राथमिक वर्गांचा सगळा विचार झाला. नववीतल्या मुलीने परिच्छेद कसा लिहावा यावर कोणी चकार शब्द काढला नाही. मला मुलांच्या हातात आज चालणारे हत्यार द्यायचे आहे.

पुराव्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूची. ल्यूथरने चर्चच्या दारावर मुद्दे ठोकले, हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि विचारते, कोणी पाहिले? त्याने 31 ऑक्टोबर 1517 ला माइन्झच्या आर्चबिशपला पत्र पाठवून सोबत ते मुद्दे जोडले, ते पत्र उपलब्ध आहे. दारावर ठोकल्याचे प्रसिद्ध वर्णन ल्यूथरचा सहकारी मेलँक्थन याचे. त्याने ते ल्यूथर 1546 मध्ये वारल्यावर लिहिले, आणि 1517 मध्ये तो स्वतः विटेनबर्गमध्ये नव्हताच. एवढे सांगितले की पोरे सरसावून बसतात. 'म्हणतात की' आणि 'लिहून ठेवले आहे' यातला फरक त्यांना एका तासात कळतो. हे मी इंग्रजीतच शिकवते आणि त्यांना समजते.

वाळवंटी (साखळी):

मी सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत मराठी प्राथमिक शाळांवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. पाटोताई, पाण्यात उतरावे लागते हे खरे. पण हात कसे मारायचे हे कोणीतरी काठावर दाखवलेले असले तर मूल घाबरत नाही.

एकच उदाहरण देतो. इंग्रजीतले 'अ' आणि 'द' आमच्या मुलांना आयुष्यभर छळतात, कारण मराठीत अशी उपपदे नाहीत, असे आपण सांगून मोकळे होतो. पण आजीची गोष्ट आठवा. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्या वाक्यात 'एक', दुसऱ्यात 'त्या'. नवा माणूस गोष्टीत आला की 'एक', ओळखीचा झाला की 'तो'. 'अ' आणि 'द' चे अर्धे काम हेच आहे आणि तिसरीतल्या मुलाला ते येते. फक्त कोणी जोडून दाखवलेले नसते. उरलेले अर्धे, म्हणजे नद्यांना 'द' लागते आणि गावांना लागत नाही वगैरे, ते मात्र पाठच करावे लागते.

उलटेही होते. आपण मुलांना सांगतो की कर्मणी प्रयोग म्हणजे 'पॅसिव्ह व्हॉइस'. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी. मग पोर इंग्रजीत 'आंबा रामाकडून खाल्ला गेला' असे काहीतरी लिहिते, कारण मास्तरांनीच दोन्ही एक म्हणून सांगितलेले. इंग्रजीत ते साधे कर्तरी वाक्य आहे. आपल्या भाषेचे व्याकरण नीट न शिकवल्यामुळे इंग्रजीचे बिघडते, असे मी पस्तीस वर्षे पाहिले. कुळागरांचे म्हणणे मला यासाठी पटते.

तेरेखोल:

मला मुळातच प्रश्न आहे. पेडण्याच्या पोराला जर्मनीतल्या पापमुक्तिपत्रांशी काय देणेघेणे? आमच्या मुलांना गावकारी, म्हणजे गोव्यातली जुनी ग्रामसंस्था, काय ते माहीत नाही. मंगेशी मूळची कुठ्ठाळीची आणि शांतादुर्गा केळशीची, ही दैवते पोर्तुगिजांच्या भीतीने अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आणली, हे देवळात नारळ फोडताना ऐकतात तेवढेच. 1583 मध्ये सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले, हे गोव्याबाहेर सोडाच, गोव्यातल्या किती मुलांना सांगता येईल?

आणि लोकांच्या भाषेत धर्म आणणे हेच धर्मसुधारणेचे मोठेपण असेल तर ते आमच्याकडे आधीच झाले. ज्ञानेश्वरी 1290 ची, ल्यूथरचा जर्मन नवा करार 1522 चा. दोनशे बत्तीस वर्षांचे अंतर आहे. आधी घरचे शिकवा, वेळ उरला तर विटेनबर्ग.

खाजन:

मी ख्रिस्ती घरातला. मराठी वाचायला शिकलो ते बेळगावात, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तेरेखोल, तुम्ही लिहिले ते आमच्या मुलांनीही शिकायला हवे. पण ते नीट शिकवायचे तर विटेनबर्ग टाळता येत नाही. जेझुइट संघाला 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि दोनच वर्षांत फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला. प्रोटेस्टंटांना उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने भरवलेली ट्रेंटची धर्मसभा 1545 ते 1563. गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झाले, ते मधल्या चार वर्षांच्या खंडासह 1812 पर्यंत चालले. स्वतःच्या घरात फूट पडलेली संस्था दूरच्या मुलखात कशी वागते, हे समजल्याशिवाय कुंकळ्ळीही कळणार नाही. नाहीतर तो फक्त 'ते वाईट होते' एवढा धडा होतो, आणि वर्गातले माझ्यासारखे मूल बाकावर खाली मान घालून बसते. मी तसा बसलो आहे. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.

आता कुळागर, तुमच्याशी माझा वाद आहे. 'गोव्यातून धर्मसुधारणा' हे ऐकायला सुंदर वाटते, पण त्यात एक घसरण आहे. तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्या बेटावरची, देवळे 1540 मध्ये पाडली गेली. तेव्हा ट्रेंटची सभा सुरूही झाली नव्हती आणि एकही जेझुइट इथे पोचला नव्हता. त्यामागे पोर्तुगालच्या राजाचे आणि पोपचे आधीपासूनचे करार होते, राज्य टिकवण्याचा हिशेब होता. ल्यूथर झाला म्हणून गोव्यात हे झाले, असे सरळ सूत्र मुलांना दिलेत तर ते चुकीचे ठरेल. तुमचाच नियम तुम्हाला लावतो: विधानाला पुरावा पुरतो का ते बघा.

स्टीफन्सचेही तसेच. त्याचे मराठीवरचे प्रेम खरे होते. भाषांमध्ये मराठी म्हणजे रत्नांमधला हिरा, असे त्यानेच म्हटले. पण कुंकळ्ळीनंतर मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांची प्रेते आणायला गेलेलाही तोच. त्याने पुराण लिहिले ते धर्मांतर झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती म्हणून. हे सगळे एकत्र सांगता येणार असेल तर सांगा, अर्धे सांगू नका.

कुळागर:

खाजन, 1540 चा मुद्दा मान्य. मी घाईत दोन गोष्टींची गाठ मारली होती, ती सोडतो. स्टीफन्सबद्दल तुम्ही लिहिलेत ते वाचून मला उलट वाटते की याच माणसावर मुलांना लिहायला द्यावे. एकाच माणसात इतके असताना 'चांगला की वाईट' असे उत्तर देताच येत नाही, मग मुलांना विचार करावाच लागेल.

तेरेखोल, ज्ञानेश्वरीची तुलना मला अपुरी वाटते. तिने मराठीला केवढे दिले हे मी सांगायला नको. पण ल्यूथरच्या जर्मन बायबलमागे छापखाना होता, राजे होते, आणि त्यातून वेगळी चर्चेस उभी राहिली. आपल्याकडे तसे झाले नाही. का झाले नाही, हाच नववीच्या मुलासाठी उत्तम प्रश्न आहे. आणि तुम्हाला घरचाच दाखला हवा तर एकनाथांचा घ्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. नक्कल करणाऱ्यांच्या हातून शिरलेल्या चुका काढल्या आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घुसवू नये असे बजावले. स्टीफन्स तेव्हा सासष्टीत होता. मूळ लेखकाचे शब्द कोणते आणि आपले कोणते हे वेगळे ठेवणे म्हणजेच हे 'अकॅडेमिक रायटिंग'. पाटोताई, ते इंग्रजीतून आपल्याकडे आलेले नाही, एवढेच माझे म्हणणे.

तेरेखोल:

एकनाथांचा दाखला मोलाचा आहे. तरीही क्रम माझाच राहील, आधी कुंकळ्ळी. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात छपाईच्या प्रकरणात ल्यूथर सविस्तर येतो आणि गोव्याचा छापखाना दोनचार ओळींत आटोपतो. 1556 मध्ये जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात भारतातले पहिले मुद्रणयंत्र लागले, तेही मूळ ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) जायला निघालेले. त्यावर दोन ओळी! माझा राग त्या मापावर आहे.

अबोली:

मी बारावीत आहे आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. मोठ्यांच्या बोलण्यात बोलते, पण कुळागरकाकांचे मूळ म्हणणे मला पटत नाही.

काका, तुम्हाला वाटते की इंग्रजीच्या भीतीने तुमची मुलगी उतरवून काढते. आम्ही मराठीतसुद्धा उतरवूनच काढायचो. 'माझा आवडता ऋतू' गाईडमधून, 'पर्यावरण' गाईडमधून, इतिहासाची उत्तरेही गाईडमधून. मराठी मला चांगली येत होती, तरीही. कारण स्वतःचे लिहिले तर बाई म्हणायच्या, पुस्तकात असे नाही. आठवीत मी लिहिले होते की पावसाळा मला आवडत नाही, कारण आमच्या घरात पाणी शिरते. त्याला दहापैकी चार मिळाले. नंतर मी पाऊस आवडतो असेच लिहिले.

संदर्भ का द्यायचे हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर पाच लिंका लिहायच्या एवढेच माहीत होते. एकनाथांचे आज इथे वाचले.

वाळवंटी (साखळी):

अबोली बाळ, तुझे चार गुण वाचून फार वाईट वाटले. असे निबंध मीही तपासले आहेत, आणि माझ्या हातूनही कमी गुण गेले असतील.

पाटो:

अबोलीने नेमके बोट ठेवले. भाषा कुठलीही असो, मुलाचे स्वतःचे वाक्य चुकीचे आणि पुस्तकातले बरोबर, असे मानून आपण तपासतो. मग मी माझ्याच कामाकडे बघते. मीसुद्धा प्रत्येक 'अ' आणि 'द' ला अर्धा गुण कापते. पहिल्या खर्ड्यावर व्याकरणाचे गुण न कापता फक्त मुद्दा आणि पुरावा तपासायचा आणि व्याकरण दुसऱ्या खर्ड्यात बघायचे, हे मला करता येईल. ऐंशी मुलांचे दोन खर्डे तपासायचे म्हणजे रात्री जागवाव्या लागतील, पण एका वर्गापुरते करून बघते.

इंग्रजीतच लिहायला लावण्याबद्दल माझे मत बदललेले नाही. कुळागर, मुलीने तो प्रोजेक्ट पुन्हा लिहिला का?

कुळागर:

लिहिला. आधी मराठीत दोन पाने, मग इंग्रजीत. साडेतीनशे शब्दच झाले. हुसवर एक परिच्छेद, छापखान्यावर एक, आणि सॅक्सनीच्या राजाने ल्यूथरला किल्ल्यात लपवले नसते तर काय झाले असते यावर एक, तो तिने स्वतःच शोधला. काल वही परत आली. शब्द कमी आणि चुका अकरा म्हणून वीसपैकी नऊ. जोडकाम केलेल्या मैत्रिणीला सतरा. मी शाळेत जाऊन बोलणार होतो, मुलगीच नको म्हणाली.

अबोली, तुझे वाचून माझ्या म्हणण्यातला एक भाग ढिला झाला हे कबूल. पण तिने मराठीत लिहिले नसते तर सॅक्सनीच्या राजापर्यंत ती पोचली नसती, हे मी डोळ्यांनी पाहिले.

पाटो:

ते अकरा चुकांचे पान मला पाठवा. मी सुधारून देते आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिते, वाळवंटी सरांच्या 'एक राजा' पद्धतीने. फक्त एक अट आहे. सॅक्सनीचा फ्रेडरिक राजा नव्हता, इलेक्टर होता, सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक. ते तिला आधी शोधून दुरुस्त करू दे. आणि पुढचा निबंध तिने थेट इंग्रजीत लिहावा. मग दोन्ही शेजारी ठेवून इथेच बोलू.

खाजन:

पुढच्या निबंधाला विषय हवा असेल तर रविवारी तिला घेऊन राचोलला या. मडगावहून जवळच आहे. सेमिनरीच्या खाली किल्ल्याची कमान अजून उभी आहे. मी गेटपाशी भेटतो.